दहा मीटर एअर रायफल, हात राखून खर्च: जुळणी, दस्ता आणि चाचणी (पुणे)

शनिवारपेठी
१६ वर्षांची खेळाडू आहे, उंची पाच फूट तीन इंच, बालेवाडीला क्लबच्या रायफलवर सराव करते. तिच्यासाठी स्वतःची दहा मीटर एअर रायफल उभी करायची आहे. नवी मॅच रायफल आवाक्याबाहेर आहे. जॅकेट, बूट, छर्रे सगळं धरून दीड लाखाच्या आत बसवायचंय. जुनी रायफल घ्यावी आणि दस्ता तिच्या मापाने करून घ्यावा, असा विचार आहे. जुनी घेताना काय बघावं? पैसे कुठे घालावेत? आणि तयार झाल्यावर ती खरंच नीट मारते आहे हे कसं ठरवायचं? जाणकारांनी तपशिलात लिहावं ही विनंती.

बाणेर_दहामीटर
आधी कायद्याचं, कारण अशा धाग्यांवर कुणीतरी शिकारीच्या रायफलीची चौकशी करतंच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आपल्याकडे शिकारीला बंदी आहे आणि परवान्याशिवाय बंदूक बनवणं हा गुन्हा आहे. तो विषय इथे नको. एअर रायफलीचं वेगळं आहे. शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे ४.५ मिलिमीटरपर्यंतची नळी आणि २० ज्यूलपर्यंतची ऊर्जा असेल तर परवाना लागत नाही. तरी ओळखपत्र देऊन, पक्कं बिल घेऊनच व्यवहार करा. जुनी घेताना मूळ बिलही मागून घ्या.

मॅच रायफल या मर्यादेच्या खूप आत असते. ०.५३ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १७२ मीटर वेगाने निघाला तर ऊर्जा ७.८ ज्यूल होते. वेग वाढवून देतो म्हणणारे भेटतील, त्यांना हात लावू देऊ नका. दहा मीटरवर वेगाचा काही उपयोग नाही, सारखेपणाचा आहे.

आता निवड. जुन्या बाजारात तीन प्रकार दिसतात. पहिला स्प्रिंगचा, उदाहरणार्थ फाइनवेर्कबाऊ ३०० एस. बाजूचा लिव्हर ओढायचा, आणि धक्का जिरवायला आतली यंत्रणा रुळावर मागे सरकते. नळी उत्तम असते, पण स्प्रिंग आणि पिस्टनची सील बदलावी लागेल हे धरूनच चला. दुसरा एका दाबाचा न्यूमॅटिक, फाइनवेर्कबाऊ ६०१, ६०२ वगैरे. यात सिलिंडर नाही, प्रत्येक गोळीला लिव्हर दाबून हवा भरायची. अचूकतेत आजही कमी नाही. पण ६० गोळ्यांच्या सामन्यात ६० वेळा लिव्हर ओढताना १६ वर्षांच्या मुलीची ठेवण (उभं राहून रायफल धरायची पद्धत) दर वेळी मोडते. तिसरा सिलिंडरचा, म्हणजे पीसीपी; यात दाबाखालची हवा सिलिंडरात आधीच भरलेली असते. तिच्यासाठी माझं मत पीसीपीला. फक्त सिलिंडरची तारीख बघा.

यंत्रशाळा_भोसरी
तारखेचं जरा खुलासेवार लिहितो, जुन्या रायफलीच्या व्यवहारात माणूस फसतो तो इथेच. सिलिंडरवर महिना-वर्ष कोरलेलं असतं. उत्पादक साधारण १० वर्षांचं आयुष्य देतात. मुदत संपलेला सिलिंडर लावून स्पर्धेला गेलात तर जबाबदारी खेळाडूची, आणि साहित्य-तपासणीत तो अडवला जाऊ शकतो. रायफल स्वस्तात मिळते आहे आणि सिलिंडर संपलेला आहे, असं असेल तर नव्या सिलिंडरची किंमत आधी काढा, रायफलीच्या किमतीत मिळवा, मग भाव बोला. दोन सिलिंडर देत असतील तर दोन्हींच्या तारखा वाचा.

हवा भरताना कोरडी हवाच. ऑक्सिजन कधीही, कुठल्याही कारणाने भरायचा नाही. दाबाखालच्या ऑक्सिजनला तेलाचा एवढासा अंश मिळाला तरी स्फोट होतो. ‘वेल्डिंगवाल्याकडे सिलिंडर आहेच की’ म्हणणाऱ्याला तिथेच थांबवा. हातपंपाने भरता येतं, पण जून ते सप्टेंबर पुण्याची हवा एवढी दमट असते की पंपाच्या फिल्टरमधले दाणे महिन्याभरात ओले होतात. ते पाणी हवेचा दाब ठरावीक ठेवणाऱ्या रेग्युलेटरपर्यंत जातं. रेंजच्या कॉम्प्रेसरवरून किंवा डायव्हिंगच्या मोठ्या सिलिंडरवरून भरलेलं बरं.

भरणं सावकाश. भसकन भरलं की हवा तापते, काटा २०० बारवर दिसतो आणि गार झाल्यावर १८५ वर येतो. लोक याला गळती समजून जोडातल्या रबरी ओ-रिंगा बदलत बसतात. खरी गळती बघायची तर भरून दोन तास थांबा, आकडा लिहा, सकाळी परत बघा. रात्रीत १० बार उतरले तर गळती आहे. साबणाचा फेस जोडावर लावून बुडबुडे बघा, रायफल पाण्यात बुडवू नका. ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस. शिवणयंत्राचं तेल अजिबात नको.

शनिवारपेठी
सिलिंडर समजला. नळी कशी बघायची? विकणारा ‘फार कमी वापरलेली आहे’ म्हणतो.

छर्रेवाला
कमी वापरलेली म्हणजे चांगली, असं नसतं. मॅच रायफलीच्या नळीतून शिशाचा मऊ छर्रा जातो, हजारो गोळ्यांनी ती झिजत नाही. ती बिघडते गंजाने आणि चुकीच्या साफसफाईने. कपाटात पाच वर्षं पडलेली रायफल रोज वापरलेल्या रायफलीपेक्षा वाईट निघू शकते.

छर्रा नसल्याची खात्री करा, ब्रीच (छर्रा घालायची मागची जागा) उघडा, मागून टॉर्च लावून तोंडाकडची कड भिंगाने बघा. नळी जिथे संपते त्या वर्तुळावर बोच, चरा, चपटेपणा काही नको. छर्रा सुटतो तेव्हा त्याच्या मागच्या घेराभोवती हवा सगळीकडून सारखी सुटली पाहिजे. एका बाजूला बोच असेल तर हवा तिथून आधी निसटते आणि छर्ऱ्याला बाजूला ढकलते. साफ करण्याची दोरी ब्रीचकडून तोंडाकडे ओढायची, उलट नाही. उलट ओढणाऱ्यांनीच या कडा खराब केलेल्या असतात. नमद्याच्या गोळ्या मिळतात, त्या कोरड्या दोन-तीन वापरल्या तरी पुरतं.

पण नळीचा खरा दाखला कागदावरच मिळतो. विकणाऱ्याला सांगा, रेंजवर भेटू, ३० गोळ्या मारून बघू. नाही म्हणाला तर सोडून द्या.

दस्ता_आणि_रंधा
दस्त्याबद्दल मी लिहितो. मूळ दस्ता धातूचा आणि सगळीकडून सरकणारा असेल तर नवा करू नका. बट (खांद्याला टेकणारं टोक), चीक पीस (गाल टेकायची पट्टी), हातटेकू सगळं स्क्रूवर हलतं. तिचं माप घ्या आणि त्या मापाला लावा. खर्च शून्य. मूळ दस्ता लाकडी, मोठ्या माणसाच्या मापाचा असेल तरच नव्याचा विचार.

लाकूड: सागवान बघायला सुरेख, पण तेलकट असतं आणि चिकटा धरायला कुरकुर करतं. शिसम मजबूत आणि जड. मी चांगल्या मरीन प्लायच्या पट्ट्या एकमेकींवर चिकटवून ठोकळा करायला सांगेन. थरांच्या धाग्यांची दिशा उलटसुलट असल्याने पावसाळ्यात तो फारसा वळत नाही. एकाच अखंड फळीचा दस्ता जुलैत फुगतो, रायफलीच्या धातूवर वेगळा दाब देतो, आणि मेमध्ये लावलेली साईट (नेम धरायचं साधन) ऑगस्टमध्ये दोन रेघा सरकलेली दिसते.

धातूची बैठक सर्वात महत्त्वाची. ज्या दोन स्क्रूंनी यंत्रणा दस्त्याला बसते तिथे लाकडात ॲल्युमिनियमच्या नळ्या बसवा, म्हणजे स्क्रू आवळताना लाकूड चेपत नाही. आतला व्यास स्क्रूपेक्षा एक मिलिमीटर मोठा ठेवा. बैठकीच्या जागी दोन-तीन मिलिमीटर लाकूड जास्त कोरा. यंत्रणेच्या खालच्या भागाला बूट पॉलिशचे दोन हात द्या, ते सुकू द्या, भोकं आणि खाचा प्लॅस्टिसिनने बुजवा. मग ॲराल्डाइटसारखं संथ सुकणारं इपॉक्सी भरून यंत्रणा अलगद ठेवा. स्क्रू नुसते टेकवायचे, आवळायचे नाहीत. २४ तास हात लावू नका. पॉलिश एखाद्या कोपऱ्यात राहिलं नाही तर रायफल आणि दस्ता कायमचे एक होतात, तेव्हा हे काम घाईत करू नका.

नळी आणि सिलिंडर लाकडाला कुठेही टेकता कामा नयेत. साध्या कागदाची दुहेरी पट्टी खालून सरकवत न्या, अडकली तर तिथे घासा. सिलिंडर भरला की किंचित लांबतो. तो लाकडाला भिडलेला असेल तर भरलेल्या आणि अर्ध्या सिलिंडरवर गोळी वेगळ्या ठिकाणी जाईल.

वजनाची मर्यादा साईटसकट साडेपाच किलो. १६ वर्षांच्या मुलीला सव्वाचार-साडेचारपासून सुरू करू द्या. पट्टीची वजनं नंतर घालता येतात. एलन की, स्क्रू, ॲल्युमिनियमची नळी रविवार पेठेत बोहरी आळीत एका फेरीत मिळून जाईल.

बाणेर_दहामीटर
वरच्या प्रतिसादाला पूर्ण सहमत. मापाचं एक सांगतो. आधी खेळाडूला डोळे मिटून ठेवणीत उभं करा, मग डोळे उघडून रायफल कुठे बघते आहे ते पाहा. चीक पीस असा हवा की गाल नुसता टेकला की डोळा पीप साईटच्या (मागच्या साईटच्या) बारीक भोकासमोर आपोआप यावा. मान पुढे काढावी लागत असेल तर बटाची लांबी चुकली आहे.

ट्रिगर: दोन टप्प्यांचा ठेवा, एकूण ओढ साधारण १०० ग्रॅम, पहिल्या टप्प्याचा भार दुसऱ्यापेक्षा जास्त. त्याहून हलका नवख्याला देऊ नका. बोट लागायच्या आत गोळी सुटते आणि तो नको तिथे दचकायला शिकतो. मॅन्युअलमध्ये नाव नसलेल्या स्क्रूला हात लावायचा नाही. हलका केल्यावर ब्रीच दहा वेळा जोरात बंद करून बघा. एकदा जरी आपोआप सुटला तर परत घट्ट करा.

यंत्रशाळा_भोसरी
आता चाचणी. यासाठी खेळाडू नको, शिकंजा हवा. माणसाने मारलेल्या ग्रुपमध्ये (एकाच नेमावर मारलेल्या गोळ्यांच्या भोकांच्या पुंजक्यात) माणूस, दस्ता, नळी आणि छर्रा चारही मिसळलेले असतात, त्यातून छर्रा वेगळा काढता येत नाही.

शिकंजा म्हणजे दस्ता उतरवून यंत्रणा ज्या भागाने दस्त्यात बसते त्याच भागाने ती पकडणारे दोन जबडे. जबड्यांना चामडं किंवा कडक रबर लावा. नळीला पकडू नका, सिलिंडरला तर मुळीच नाही. जबडे जाड पोलादी पट्टीवर, पट्टी जड टेबलावर बोल्टने. टेबलाची गंमत अशी की ते घट्ट वाटतं पण नसतं. टेबलावर पाणी भरलेली वाटी ठेवा, शेजारून चालत जा. पाणी हललं तर टेबल हलतंय. बोल्टला रंगाच्या पेनाने खूण करा, म्हणजे चाचणीत तो सैल झाला तर दिसेल.

टार्गेट १० मीटरवर, प्रत्येक ग्रुपला नवा कागद. कागदामागे पुठ्ठा ताणून लावा, नाहीतर भोक फाटतं आणि व्हर्नियरने मोजता येत नाही. मागे ४५ अंशात पोलादी पत्रा लावलेली पेटी. आजूबाजूला कुणी नाही, सगळ्यांच्या डोळ्यांवर चष्मा. छर्रे शिशाचे आहेत, काम झालं की साबणाने हात धुवायचे आणि तोवर काही खायचं नाही. पेटीतला चुरा झाडूने उडवू नका, ओल्या फडक्याने टिपा.

छर्ऱ्याचा प्रकार बदलला की पहिल्या १० गोळ्या मोजायच्या नाहीत, नळीत आधीच्या छर्ऱ्याचा थर असतो. मग १० गोळ्यांचा एक ग्रुप, असे तीन. ५ गोळ्यांच्या एका ग्रुपवर निर्णय घेऊ नका. तो नशिबाने बारीक येतो आणि माणूस ५० डब्या चुकीच्या लॉटच्या (एका खेपेत बनलेल्या मालाच्या) घेऊन बसतो.

मोजमाप: ग्रुपच्या बाहेरच्या कडा ते कडा सर्वात लांब अंतर घ्या आणि त्यातून एका सुट्या भोकाचा व्यास वजा करा. कागदावरचं भोक बहुधा ४.५ पेक्षा जरा लहान येतं, म्हणून ते मोजूनच घ्या. उरलं ते छर्ऱ्यांच्या केंद्रांमधलं अंतर.

हे अंतर गुणांत बघा. दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा आणि छर्रा साडेचारचा, म्हणून केंद्र अडीच मिलिमीटर सरकेपर्यंत १०.० मिळतो. दर पाव मिलिमीटरला दशांश गुण जातो. केंद्र एक मिलिमीटर चुकलं की १०.९ चा १०.६ होतो. २ मिलिमीटरचा ग्रुप म्हणजे नुसत्या यंत्राने तीन दशांश खाल्ले.

छर्रेवाला
छर्ऱ्यात डोक्याचा व्यास बघा. डबीवर ४.४९, ४.५०, ४.५१ असं छापलेलं असतं. कुठली नळी कुठला घेईल हे पाहून सांगता येत नाही, मारूनच कळतं. आर १० मॅच, फिनाले मॅच अशा चांगल्या छर्ऱ्यांच्या तीन-चार डब्या क्लबातल्या मंडळींशी वाटून घ्या, प्रत्येकी ५० पुरे होतात.

खर्चाचा हिशेब असा बघा. दिवसाला १००, आठवड्यात ५ दिवस, वर्षाचे ५० आठवडे: २५,००० छर्रे, म्हणजे ५०० च्या ५० डब्या. रायफल एकदाच घ्यायची आहे, छर्रे दर महिन्याला. बालेवाडीच्या त्या रेंजवर, जिथे २००८ च्या राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाल्या, चांगल्या रायफलीत न जुळणारे छर्रे घालून वर्षभर दस्ता बदलत बसणारी मुलं दिसतात. म्हणून सांगतो, नव्या रंगाच्या दस्त्यापेक्षा चाचणीला पैसे ठेवा.

यंत्रशाळा_भोसरी
क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजायचं यंत्र) कुणाकडून तरी मागून आणा. २० गोळ्यांचा वेग लिहा. सर्वात जास्त आणि सर्वात कमी यात सेकंदाला ३ मीटरपेक्षा जास्त फरक नको. १० मीटरवर छर्रा १७२ च्या वेगाने गेला तर साधारण साडेसोळा मिलिमीटर खाली येतो. वेगात ३ मीटरचा फरक पडला की गोळी सुमारे ०.६ मिलिमीटर वर-खाली होते. म्हणजे दोन दशांश तिथेच गेले.

याच साडेसोळा मिलिमीटरमुळे रायफल वाकडी धरण्याचं गणितही कळतं. ५ अंश तिरकी झाली की गोळी दीड मिलिमीटर बाजूला. तिरकी धरायला हरकत नाही, पण दर वेळी तेवढीच.

शनिवारपेठी
सर्वांचे आभार. पीसीपी घेतली, सिलिंडरला अजून सहा वर्षं आहेत. सांगितलं तसा शिकंजा लावून चाचणी केली. केंद्र ते केंद्र मिलिमीटरमध्ये:
अ (४.४९): २.४, १.९, २.७
ब (४.५०): १.५, १.८, १.६
क (४.५१): १.७, १.६, १.९
एक विचित्र गोष्ट. जवळपास प्रत्येक ग्रुपमध्ये एक भोक इतरांच्या वर आहे, एक-सव्वा मिलिमीटरने. आणि ते बहुतेक पहिल्या गोळीचं आहे. प्रत्येक ग्रुपआधी कागद बदलायला दहा मिनिटं जात होती. वेग: पहिली १७८, नंतरच्या सगळ्या १७१ ते १७३.

यंत्रशाळा_भोसरी
रेग्युलेटर सरकतो आहे. रेग्युलेटर सिलिंडरचा मोठा दाब कमी करून ठरावीक दाबावर थांबवतो. त्याची आतली बैठक घाण किंवा चिरलेली असली की दाब ठरलेल्या आकड्यावर थांबत नाही, रायफल नुसती ठेवली तरी हळूहळू चढत राहतो. दहा मिनिटांनी पहिली गोळी त्या चढलेल्या दाबाने जाते, मग गोळ्या लागोपाठ असल्याने चढायला वेळच मिळत नाही. १७८ ला छर्रा १७२ पेक्षा १.१ मिलिमीटर कमी पडतो, तुमचं वरचं भोक नेमकं तेवढंच वर आहे.

सामन्यात हे जास्त नडेल. ७५ मिनिटांत ६० गोळ्या, मध्ये खेळाडू दोन-तीन मिनिटं रायफल खाली ठेवून थांबते, आणि परतल्यावरची गोळी वर जाते. ती स्वतःला दोष देईल.

घरी उघडू नका. सिलिंडर काढा, आतली उरलेली हवा मॅन्युअलप्रमाणे सोडा, आणि त्या कंपनीच्या रायफली दुरुस्त करणाऱ्याकडे द्या. बहुधा आधीच्या मालकाच्या हातपंपाचं पाणी आत गेलेलं निघेल.

छर्रेवाला
लॉटबद्दल: अ बाद. ब आणि क मधला फरक सरासरीत ०.१ आहे, तीन-तीन ग्रुपवर एवढ्या फरकाला अर्थ नाही. रेग्युलेटर झाल्यावर दोघांचे आणखी तीन ग्रुप मारा. तरीही सारखेच आले तर ज्याच्या एकाच लॉट नंबरच्या दहा डब्या एका जागी मिळतील तो घ्या. डबीच्या खाली नंबर असतो, दुकानात प्रत्येक डबी उलटून वाचा.

शनिवारपेठी
रेग्युलेटर साफ होऊन आला. आता दहा मिनिटांनंतरची पहिली गोळी १७३, बाकी १७१ ते १७३. ब: १.३, १.५, १.४. क: १.५, १.४, १.६. ब च्या दहा डब्या एका लॉटच्या मिळाल्या, घेतल्या. दस्ता धातूचाच होता, तिच्या मापाला लावला. साईटचा एक प्रश्न राहिला. आर, एल, एच, टी अशी अक्षरं आहेत. गोळी उजवीकडे जातेय, तर फिरवायचं कुठे?

बाणेर_दहामीटर
अक्षरं जर्मन आहेत. आर उजवीकडे, एल डावीकडे, एच वर, टी खाली. जर्मन साईटवर बहुधा गोळी कुठे गेली ते अक्षर असतं. गोळी उजवीकडे गेली तर आर कडे फिरवा, वर गेली तर एच कडे. काही इतर बनावटींत नेमकं उलटं असतं, म्हणून एकदा १० क्लिक फिरवून तीन गोळ्या मारून खात्री करा आणि रायफलीच्या पेटीच्या झाकणाला आतून चिठ्ठी चिकटवा.

त्याच बैठकीत चौकोन मारा. एक गोळी, २० क्लिक उजवीकडे एक गोळी, २० वर एक, २० डावीकडे एक, २० खाली एक. शेवटची पहिल्या भोकात बसली पाहिजे. बसली नाही तर साईटच्या स्क्रूत ढिलाई आहे. तेव्हा क्लिक नेहमी एकाच दिशेने पूर्ण करायची सवय लावा: उलट यायचं असेल तर चार क्लिक पुढे जाऊन चार परत या.

पुढच्या साईटमधली रिंग ३.८ किंवा ४.० मिलिमीटरने सुरू करा. काळ्या ठिपक्याभोवती पांढरं वर्तुळ स्पष्ट दिसलं पाहिजे. फार बारीक रिंग घेतली की ते पांढरं वर्तुळ लुकलुकतं आणि मूल गोळी सोडायला धजत नाही. घरी कोऱ्या सरावासाठी तुमच्या पीसीपीत ड्राय फायरची (गोळी न सोडता ट्रिगर ओढायची) कळ असेल, तीच वापरा. जॅकेट तयार न घेता मापाचं शिवून घ्या. जाडीची मर्यादा एका थराला २.५ मिलिमीटर आहे आणि वाढत्या वयात ते बदलावं लागणार, तेव्हा खांद्यात अर्धा इंच शिवण आत सोडायला सांगा.